गोचीड नव्हे, ऊ

मी एक जुनी पांढरी पेशी आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे चार महिन्यांची. आमच्यात एवढं वय म्हणजे पिकलं पान. सोनारीजवळच्या एका शेततळ्यातल्या रोहू माशाच्या कातडीत मी राहते. माझा जन्म त्याच्या मूत्रपिंडात झाला, माशांत आम्ही तिथंच जन्मतो. तेव्हापासून मी एका जागी बसलेली नाही. कुठं काय टोचलं, कुठं काय शिरलं, ते चाचपत फिरायचं. स्वस्थता मला ठाऊकच नाही. तरुणपणी लहान जंतू अख्खे गिळले, तेव्हा माझा रुबाब काही औरच होता.

उन्हाळ्यात तळं आटत आलं आणि माशाच्या पाठीवर माशांना लागणाऱ्या उवा चिकटल्या. चपट्या, तांदळाच्या कणीएवढ्या. त्यांनी सोंडा खुपसताच आमच्यातल्या सगळ्यात आधी पोचणाऱ्या धावऱ्या पेशी आल्या, मागोमाग मी. पण गिळणार काय? ऊ आमच्यापेक्षा शेकडो पट मोठी! तरीही आम्ही चवताळून विष ओतत राहिलो. उवेला ढिम्म काही झालं नाही. उलट त्या विषानं आपल्याच माशाची कातडी सोलली. मला लाज वाटली, पण थांबणं कुणालाच जमेना.

मासा तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर अंग घासू लागला. तळ्याचा मालक कोंडीराम यानं त्याला जाळ्यात धरलं. पेशीला कान कुठले, असं तुम्ही म्हणाल. पण धोक्याची चाहूल लागायला कान लागत नाहीत.

"हे तर गोचीड!" तो बायकोला म्हणाला. "मेंढराचं औषध हाय की. दोन टोपणं तळ्यात वततो."

जन्मभर मेंढरं राखलेला माणूस तो. अंगाला चिकटून रक्त पितं ते गोचीड, एवढंच त्याला माहीत. त्या औषधानं उवा मेल्या असत्या, मासे मेले असते आणि माशासोबत मीही.

त्यानं बाटली उघडली, तशी सून शिवप्रिया धावत आली.

"मामा, थांबा! बाटलीवर लिवलंय, तळ्यात वतू नका, मासं मरत्यात."

"मग नुसतं बघत बसू व्हय?"

"आधी बघायचंच हाय," त्याची बायको धुरपदाबाई म्हणाली. "आणा हिकडं."

तिनं ओल्या हातांनी मासा धरला आणि मेंढीच्या कानातलं गोचीड काढावं तशी एकेक ऊ अलगद उपसली. सात निघाल्या. मग बाकीचे मासेही तसेच धरले. शिवप्रियानं पाण्यात फळ्या सोडल्या. उरलेल्या उवा फळ्यांवर अंडी घालतात, मग फळ्या काढून उन्हात वाळवायच्या, असं तिला माशांची पिल्लं विकणाऱ्या मासेबीजवाल्यानं सांगितलं होतं.

उवा गेल्या, तेव्हा कुठं आम्ही थांबलो.

आता माझे दिवस भरले आहेत, तरी जीव शांत नाही. ती बाटली अजून तळ्याकाठच्या खोपीत टांगलेली आहे. पाण्यात जरा खळबळ झाली की कोंडीरामचा हात आधी तिकडंच जातो. मी त्याला दोष देत नाही, मीही तशीच. एवढंच करा मित्रांनो, काही ओतण्याआधी मासा हातात घेऊन बघा. माझ्या माशाच्या पाठीवर नऊ डाग आहेत. सात उवांचे, दोन आमचे.