बिनचूक हवामान

चारुलतानं कारळाच्या चटणीची पिशवी काट्यावर तिसऱ्यांदा ठेवली. दोनशे बारा ग्रॅम. आधी दोन्ही वेळा तेवढंच आलं होतं आणि काटा बिघडलाय असं मानायला काही कारण नव्हतं. तिनं पिशवी उचलून परातीत ठेवली आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा पुढं ओढला.

“किती झालं?” हिम्मतरावांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं.

“चार किलो शंभर.”

“मग जावईबापूंचं शर्टपीस बसतंय की. ते सगळ्यात वर ठेव. उघडल्याबरोबर दिसायला पाहिजे.”

शर्टपीस टेबलाच्या कडेला होतं, फिक्या निळ्या रंगाचं, अजून दुकानाच्या पिशवीतच. दसऱ्याला जावयाला काहीतरी गेलंच पाहिजे, असं हिम्मतरावांचं सात वर्षांपासून चालू होतं. यंदा माणूसच मिळाला होता. त्यांची चुलतबहीण मंगला अंबरपेठला राहायची. तिचा मुलगा रितेश शिकायला विलायतेत, लेस्टरला निघाला होता. शुक्रवारी त्याचं विमान. पाच किलो नेईन, वर एक ग्रॅम नको, असं मंगलानं बजावलं होतं. रितेश शनिवारी स्वतः त्यांच्या लेकीच्या, प्रियदर्शिनीच्या घरी जाऊन पार्सल देणार होता, आणि दारात उभं राहून ताई-भावजींबरोबर एक फोटो काढणार होता. तो फोटो अंबरपेठेत पोचला की परभणीपर्यंत सगळ्या नात्यात फिरणार, हे ठरलेलंच.

“खोकं घेऊन येतो,” हिम्मतराव दारात चपला सरकवत म्हणाले. “रेड्डीच्या दुकानात साबणाची खोकी पडलेली राहतेत. चौतीस वर्षं रेल्वेच्या पार्सलात काढली, मला खोकं कळतं. पोरीचा फोन आला तर विचार, शनिवारी दोघं घरी राहतेत का. उगी रितेश परेशान व्हायला नको.”

फाटक वाजलं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी बतुकम्माच्या सणासाठी फुलं विकत चाललं होतं. कामवाल्या चतुराबाईनं त्यासाठी सकाळीच दोन दिवसांची सुट्टी मागून घेतली होती आणि एक दिवस मिळाल्यावर, “हौ अम्मा, एक दिवस देव नाचतो काय?” असं विचारून दुसराही घेतला होता.

फोन पाच वाजता आला. तिकडं साडेबारा. चारुलताचे हात तेलकट होते. तिनं कोपरानं स्पीकर लावला.

“आई, कशी आहेस?”

“बरी. तू?”

“मस्त. आज इथं सतरा आहे. ढगाळ. पश्चिमेचा वारा, ताशी पंधरा किलोमीटर. चारनंतर पावसाची शक्यता चाळीस टक्के.”

“सतरा,” चारुलता म्हणाली.

“हो.”

“फोनचा कॅमेरा?”

“नाही गं झाला दुरुस्त. वेळच मिळत नाही.”

“रितेश शनिवारी येईल. बाबा विचारत होते, दोघं घरी असाल ना?”

पलीकडं भांड्याचा आवाज झाला आणि थांबला.

“आई, कशाला उगाच? नवा पोरगा, आधीच गोंधळलेला असेल. इथं सगळं मिळतं.”

“कारळाची चटणी मिळते?”

“मिळत असेल.”

“कौस्तुभराव?”

“भाजी आणायला गेलाय. ठेवते गं, भात लागेल.”

फोन बंद झाल्यावर चारुलतानं हात धुतले, पुसले आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आजच्या चौकोनात पेन्सिलीनं १७ लिहिलं. मग मोबाइलवर लेस्टरचं हवामान उघडलं. सतरा. ढगाळ. पश्चिमेचा वारा, पंधरा. चारनंतर चाळीस टक्के.

ही सवय लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली. तेव्हा प्रियदर्शिनी फोनवर दिसायची आणि तिच्या शेजारी नेहमी कौस्तुभचा अर्धा खांदा दिसायचा. तो वाईट बोलायचा नाही. तो फक्त तिथं असायचा. कुठल्याही विषयाला हात घातला की प्रियदर्शिनी आधी खांद्याकडं बघायची आणि मग उत्तर द्यायची. हवेबद्दल बोलताना मात्र ती तिकडं बघत नसे. म्हणून मायलेकी हवेबद्दल बोलायला लागल्या आणि पुढं तेवढंच बोलत राहिल्या.

तिच्या हवेत आकडे कधीच नसायचे. सप्टेंबर लागला की ती म्हणायची, “ऊन दिसतं गं आई, लागत नाही.” म्हणायची, “सकाळी गाडीच्या काचेवर इतकी वाफ, की बोटानं नाव लिहिता येतं.” ऑफिसातले लोक अजून अर्ध्या बाह्यांत फिरतात, ऑक्टोबरच्या आधी घरात हीटर लावला तर त्यांना हरल्यासारखं वाटतं, म्हणून कुडकुडत चहा पितात आणि एकमेकांना सांगतात, या दिवसांत एवढं ऊन म्हणजे चांगलंच की. घरात मोठाले कोळी येतात, सप्टेंबर हा त्यांचा महिना, म्हणून न्हाणीघरात आधी बघून मग पाय टाकायचा.

चारुलता ते शब्द चौकोनात लिहायची आणि खाली खरा आकडा. तारनाक्याच्या प्रयोगशाळेत तिनं एकतीस वर्षं उपकरणं तपासून देण्याचं काम केलं होतं. लेकीचीही तिनं हळूहळू मोजपट्टी बसवली. ‘छान’ म्हणजे अठराच्या वर. ‘जरा बोचरं’ म्हणजे बारा-तेरा. ‘गार’ म्हणजे नऊ ते अकरा. सोमवारी फोन आला तर त्यात दोन मिळवायचे, कारण सोमवारी तिला सगळंच जास्त गार वाटायचं. प्रियदर्शिनी नेहमी चुकायची आणि नेहमी साधारण तेवढीच चुकायची. चारुलताच्या हिशेबी ते चांगल्या उपकरणाचं लक्षण होतं.

तेवीस ऑगस्टच्या रविवारपासून चौकोनात शब्द नव्हते. नुसते आकडे होते. सहा रविवार, सहा आकडे, सगळे बरोबर.

खूप वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यानं तिला तीस नोंदींचा आलेख आणून दाखवला होता. एकूणएक ठिपका रेषेवर. तिनं कागद परत करत शांतपणे विचारलं होतं, “तू थर्मामीटर पाण्यात घातला होतास का?” घातला नव्हता. आकडे पुस्तकातून उतरवले होते.

दोन रविवारांपासून तिला हे कळून चुकलं होतं. कळलं होतं, पण काही वाटलं नव्हतं. काहीच वाटत नाहीये, हेही तिनं बाजूला उभं राहून पाहिलं होतं. तिनं त्या दिवसांत पडदे धुतले. दिव्यांच्या काचा पुसल्या. मेथी निवडताना एकदा ती पानं टाकून काड्या भांड्यात भरत होती. लक्षात आल्यावर तिनं सगळं उलटं केलं आणि भाजी फोडणीला टाकली. जो माणूस एखाद्या गावात उभा असतो, तो तिथल्या हवेबद्दल चुकतो. ज्याला त्या गावाची हवा पडद्यावर वाचावी लागते, तो तिथं नसतो. एवढंच होतं ते. कुठल्याही रिपोर्टात दोन ओळींत बसलं असतं.

पण शनिवारी रितेश लेस्टरच्या घराची घंटा वाजवणार होता. दार कौस्तुभ उघडणार होता. त्यानंतर तासाभरात मंगलाला कळलं असतं, आणि मंगलाकडून त्यांना. लोक काय म्हणतील याचा विचार चारुलतानं करून पाहिला; तोही कुठं टोचला नाही. तिला एकच गोष्ट नको होती. आपल्या मुलीबद्दल रितेशकडून कळायला नको होतं. ते प्रियदर्शिनीनं सांगायला हवं होतं, आणि त्यासाठी तिच्या हातात पाच दिवस होते, आणि पाच दिवसांत ती सांगणार नव्हती.

फोन नेहमी प्रियदर्शिनीच करायची. खांदा शेजारी नसेल अशी वेळ तिलाच ठाऊक असायची. चारुलतानं आज पहिल्यांदा उलटा फोन लावला, स्पीकरवरच.

तो वाजत होता तेवढ्यात हिम्मतराव खोकं घेऊन आत आले.

“आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. समोरच आहेत. प्रिया, आत्ता कुठं उभी आहेस?”

“घरात. का गं?”

“खिडकी आहे?”

“आहे.”

“उघड.”

“आई, काय चाललंय तुझं?”

“उघड तर.”

कडी सरकल्याचा आवाज आला. मग वारा, फोनमध्ये शिरून फडफडणारा, आणि त्याच्यामागं कर्कश, भांडल्यासारखे ओरडणारे पक्षी, पुष्कळ.

“आता सांग,” चारुलता म्हणाली. “फोनमध्ये बघू नकोस. कसं आहे?”

हिम्मतराव खोकं छातीशी धरून उभे होते. त्यांच्या एका पायात अजून चप्पल होती.

“गार आहे, आई,” प्रियदर्शिनी म्हणाली. “खूप गार आहे. वारा समुद्रावरून येतोय, ओठ खारट होतात. खाली लोक कुत्री फिरवतायत, नुसत्या शर्टांत. मी दोन स्वेटर घातलेत.”

लेस्टरच्या जवळपास कुठंही समुद्र नव्हता. हे हिम्मतरावांनाही माहीत होतं. मुलगी तिकडं गेली तेव्हा त्यांनी कोठीच्या बाजारातून नकाशा आणून आठवडाभर वाचला होता.

“कुठलं गाव?”

“ॲबर्डीन. वर, स्कॉटलंडात.”

“कधीपासून?”

“वीस ऑगस्ट.”

“एकटी?”

“एकटीच. ऑफिसात बदली मागून घेतली. बाकीचं नंतर सांगते. आत्ता विचारू नकोस.”

“नाही विचारत.”

“तुला कसं कळलं?”

“एकदाही चुकली नाहीस.”

पलीकडून एक आवाज आला. हसणं होतं की दुसरं काही, ते वाऱ्यात कळलं नाही.

“मी दर रविवारी तिकडचं बघून ठेवायचे,” प्रियदर्शिनी म्हणाली. “तू पडताळून बघशील म्हणून.”

“बघितलंच.”

“माहितेय.”

“पत्ता सांग,” चारुलता म्हणाली.

तिनं वाणसामानाच्या यादीच्या मागं लिहून घेतला. घराचा नंबर, रस्ता, गाव, मग अक्षरं आणि आकडे मिसळलेला तो तिकडचा पिनकोड. वाचून दाखवला. प्रियदर्शिनीनं एक अक्षर दुरुस्त केलं.

“खिडकी लाव आता,” चारुलता म्हणाली. “आणि भात बघ.”

“भात नव्हताच, आई.”

“मग कर.”

फोन ठेवल्यावर हिम्मतरावांनी खोकं टेबलावर ठेवलं, आत हात घालून तळ दाबून पाहिला. मग खाली बसून पायातली चप्पल काढली, ती दाराशी नेऊन दुसरीच्या शेजारी नीट लावली आणि परत आले.

“मंगलाला काय सांगायचं?” त्यांनी विचारलं.

“सांगा, कुरिअरनं पाठवतोय.”

“का म्हणंल.”

“म्हणू द्या.”

हिम्मतरावांनी मान हलवली.

“कुरिअरनं जायचं तर पाच किलोची अट राहिली नाही,” ते म्हणाले. “लाडू अजून घाल. ती तुझी काळी शाल पण घाल. इथं कधी पांघरतीस तू?”

चारुलतानं शाल आणली, घडी उलगडून पुन्हा छोटी केली आणि तळाशी अंथरली. वर डबे रचले, फटींत वर्तमानपत्र कोंबलं. शर्टपीस धरून काय काय टेबलावरच राहिलं, ते दोघांपैकी कुणी मोजलं नाही. हिम्मतरावांनी पट्टी चिकटवली, एकदा आडवी, एकदा उभी, आणि कोपऱ्यांना परत एकेकदा. मग जाड पेन घेतलं.

पार्सल ऑफिसातल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी आधी खाली गाव लिहिलं, मोठ्या इंग्रजी अक्षरांत. त्याच्यावर रस्ता. त्याच्यावर घराचा नंबर. अक्षरं एका उंचीची आली. सगळ्यात वर एक ओळ मोकळी राहिली.

“पूर्ण नाव लागतं,” ते स्वतःशीच म्हणाले.

त्यांनी प्रियदर्शिनी लिहिलं. पेन तिथंच टेकून राहिलं आणि पुठ्ठ्यावर शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत गेला. चारुलता बाजूला उभी होती.

हिम्मतरावांनी पेन उचललं, थोडी जागा सोडली आणि पुढं स्वतःचं नाव लिहिलं. मग आपलं आडनाव, सोळंके.

“बरोबर हाय का बघ,” ते म्हणाले आणि खोकं तिच्याकडं वळवलं.

चारुलतानं चष्मा लावला आणि एकेका अक्षराखाली बोट ठेवत ती वाचू लागली.