दिघीच्या सप्ताहातली दोन जाड नावं

दिघीच्या सप्ताहाचा मजकूर घेऊन दौलतरावबुवा चिंचवडच्या छापखान्याची पायरी चढले, तेव्हा हातातला कागद त्यांना निखाऱ्यासारखा लागत होता.

शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन म्हणजे सप्ताहाचा कळस. त्या दिवशी हंडी फुटते, गावोगावची माणसं घरचं दही आणि लाह्या घेऊन येतात. हा मान आजवर बुवांचा. यंदा पंच बबनरावांनी तो यशवंतरावांना दिला. यशवंतराव मराठवाड्याकडचे, वयानं तरणे, पिंपरीला औषधांचा कारखाना निघाला तिथं कामाला लागलेले. बुवांच्या वाट्याला आला आदला दिवस, शनिवार.

"बायामाणसांचं म्हननं पडलं, बुवा," बबनराव चाचरत म्हणाले होते. "त्येचा अभंग ऐकला की डोळ्यांस्नी पानी येतं म्हंत्यात."

"कांदा चिरतानाबी येतं," बुवा म्हणाले. पण घरी जाऊन ताटावरून उठले.

"भूक न्हाई, का रागानंच पोट भरलंय?" दुर्गाबाईंनी विचारलं. बायकोच ती, तिच्यापासून काय लपणार!

आता छापखान्यात बन्सी जुळारी अक्षरांचे खिळे जुळवत बसला होता. त्याच्या मागं एका वेगळ्या खणात मोठ्या लाकडी अक्षरांचा एकुलता एक संच होता. अंगानं जाडजूड अक्षर, उभ्या दांड्याच्या तळाशी वळणदार टाच, पोटात कोरलेली वेलबुट्टी. इतर अक्षरं कागदावर गुमान बसतात, हे शड्डू ठोकून उभं राहायचं. छापखान्यात त्याला पैलवानच म्हणत. कुस्त्यांचा फड, तमाशाची बारी, सर्कस असली की पैलवान बाहेर निघे. लग्नपत्रिकेत बन्सी त्याला घेत नसे. नवरा-नवरी राहतात बाजूला आणि निमंत्रक मामाच मोठे दिसतात, असं त्याचं म्हणणं. सप्ताहाच्या कागदावर मात्र एकच नाव त्या अक्षरात लागे, काल्याच्या कीर्तनकाराचं. लोकही एवढा कागद वाचत बसत नसत. जाड नाव दिसलं, शेजारचा वार पाहिला, की काल्याला कधी जायचं ते समजलं.

"माझं नावबी पैलवानात लाव," बुवा म्हणाले.

बन्सीनं मान वर केली. "अन् यशवंतरावांचं?"

"त्येंचंबी राहू दे. मी कुठं न्हाई म्हनलं?"

"अक्षरं एका नावापुरती हायेत, बुवा. दोघांच्याबी नावात राव हाय. दुसरा राव कुठनं आनू?"

"आधी एक नाव छाप. मग तीच अक्षरं काढून दुसरं जुळव, अन् कागद परत यंत्रातनं फिरव."

"फिरवतो की. पर ह्ये अक्षर एकटं असलं तरच शोभतं. दोन पैलवान एका पानावर आले, की बाकीची समदी अक्षरं कडंला बसून कुस्ती बघत्यात."

"तू छाप रे!"

बन्सीनं छापलं. भोसरीच्या चावडीवर कागद लागला तेव्हा बुवा मुद्दाम बघायला गेले. वर शनिवार आणि त्यांचं नाव, खाली रविवार आणि यशवंतरावांचं. दोन्ही सारखीच ठसठशीत. तरी बुवांचा जीव निवेना. यशवंतरावांच्या नावात एक अक्षर जास्त, म्हणून ते विताभरानं लांब दिसत होतं. आईबापांनी ठेवलेल्या नावाचाही हेवा वाटावा, अशी वेळ आली होती.

दिघीत दिवाबत्तीची सोय बेताची, म्हणून कीर्तन दुपारीच व्हायचं. शनिवारी बुवा उभे राहिले आणि बघतात तो देवळाबाहेरचं पटांगणसुद्धा भरलेलं! छाती फुगली. नमन झालं, अभंग लागला, पखवाज बोलू लागला. मागं टाळकऱ्यांत यशवंतराव उभे होते, पहिली पाळी संपवून तसेच आलेले. बघून घे म्हणावं, बुवा मनात म्हणाले.

एवढ्यात चऱ्होलीची ठकुबाई मांडीवरचं मडकं सावरत मोठ्यानं म्हणाली, "बुवा, हंडी कुठं बांधलीया? औंदा दिसंना ती!"

बुवांनी नीट पाहिलं. जिकडंतिकडं मडकी, लोटे, फडक्यात बांधलेल्या लाह्या. वरचं जाड नाव पाहून सगळ्यांनी शनिवारच धरला होता; खाली आणखी एक आहे हे बघतो कोण! ही गर्दी त्यांच्यासाठी नव्हती, काल्यासाठी होती.

बबनराव लगबगीनं जवळ आले. "आता काय करायचं? मानसं लांबनं आल्यात. आजच फोडू का हंडी?"

मागून यशवंतराव हलकेच म्हणाले, "फोडा बुवा. दही नासंल लोकांचं. मी उद्या साधं कीर्तन करतो."

बुवांनी त्या बोलण्यात खोट शोधली. सापडली नाही, आणि तेच जास्त झोंबलं. जे हवं होतं ते समोर आयतं आलं होतं. नुसतं 'आणा हंडी' म्हणायचं. पण ज्या काल्यात देव सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र करून ज्याला त्याला घास भरवतो, तोच काला आपण दुसऱ्याच्या तोंडून काढून खायचा? घशाखाली उतरेल का तो? विठ्ठलाकडं बघायचंही त्यांना धाडस होईना.

"काला उद्या हाय," ते कसंबसं म्हणाले. "यशवंतराव करनार. माझं जाड नाव मी हट्टानं छापून घेतलं. त्या बन्सीला कुनी बोल लावू नका."

कुणी तोंडाला पदर लावला, कुणी उघड हसलं.

"मग ह्या दह्याचं काय करू? डोक्याला चोळू?" ठकुबाई करवादली.

"इथंच ठेव, माउली. आंबलं तर उद्या माझ्या नावानं शिव्या घाल."

रविवारी माणसं कुरकुरत का होईना, पुन्हा आली. यशवंतराव उभे राहिले. काय तो आवाज! ऐकताना बुवांच्या काळजात कळ उठली ती उठलीच. कबुली दिली म्हणून हेवा काही देवळाबाहेर चपलांपाशी थांबला नव्हता. टाळ वाजवता वाजवता ते एकेका तानेत चूक हुडकत होते.

आणि मग वरच्या सुराला यशवंतरावांचा दम अडखळला. सबंध आठवडा कारखान्यात उभं राहिलेलं शरीर ते. सूर अधांतरी राहिला. बुवा पुढं सरकले आणि अलगद अभंगाचं ध्रुवपद उचललं.

यशवंतरावांनी वळून हात जोडले. तोवर बायाही कौतुकानं बुवांकडं बघू लागल्या होत्या. ते पाहून बुवांनी, गरज नसताना, सूर आणखी वर चढवला.