तेवीस नंबरचं कलम

चुकीचं टिंब असलेलं पान उघडायच्या आधीच टिंबनानांना शिंका येत, असं छापखान्यातली माणसं शपथेवर सांगत. शिशाचे खिळे जुळवायचे दिवस होते तेव्हा नाना डोळे मिटून, नुसत्या बोटांनी सात आणि नऊ ओळखत. एकदा हातातून निसटलेलं शून्य तीन दिवसांनी जेवणाच्या डब्यात दाताखाली आलं. दात पडला. नानांनी शून्य उजेडात धरून पाहिलं, त्याला ओरखडासुद्धा नव्हता, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

पुढे खिळे भंगारात गेले, संगणक आले आणि नानांच्या बरोबरीचे सगळे घरी बसले. नाना मात्र त्या यंत्राच्या मानगुटीवर बसले. यादीतल्या आकड्यापुढे टिंब द्यायचं की कंस, आकडा ओळीत घ्यायचा की समासात लटकवायचा, यावरून मालकांशी त्यांचं जेवढं वाजलं तेवढं बायकोशी उभ्या जन्मात वाजलं नाही.

"नाना, आकडा आहे तो, नवरदेव नाही. किती सजवाल?"

"मालक, लोक यादी वाचत नाहीत. आकडा बघतात," असं म्हणून नाना तो आणखी केसभर डावीकडे सरकवत.

अशा माणसाच्या हाती एकदा घरचंच पुस्तक आलं.

त्यांची थोरली बहीण, अक्का, पन्नास वर्षं सुईणपण करत आली होती. तिच्या हातावर जन्मलेल्या सगळ्यांनी एकदम टाळी वाजवली असती तर गावातली कौलं उडाली असती. तिने शेकडो सुईणी तयार केल्या, त्याही नुसत्या आकड्यांवर. बाळंतिणीच्या खोलीत वाक्य ऐकायला कुणाला सवड नसते, असं ती म्हणे. म्हणून तिची साठ कलमं होती आणि तिच्या बायकांना ती झोपेतसुद्धा पाठ होती. फोन वाजायचा, पलीकडून रडवेला आवाज यायचा, "अक्का, रक्त थांबत नाही!" अक्का एकच शब्द बोलायची, "तेवीस!" की फोन खाली.

त्यातली सात आणि एकोणीस ही दोन कलमं तिने फार पूर्वी खोडली होती. "आमच्या अडाणीपणातली होती ती," एवढंच सांगायची. पण त्या जागा तिने रिकाम्याच ठेवल्या. सहानंतर आठ, अठरानंतर वीस. खोडलं म्हणून पुढच्यांना मागे ओढायचं नाही.

आता अक्काच्या छातीत हवा पुरत नव्हती. दोन शब्द बोलली की थांबायची.

"मी गेल्यावर फोन कोण उचलणार रे, टिंब्या? पुस्तकच उचलेल. पण आकडे... माझेच हवेत. एक जरी हलला ना, बाई जाईल कुणाची तरी."

"अगं अक्का, मी आहे ना!"

"तू आहेस म्हणूनच... सांगते," अक्का म्हणाली आणि हसता हसता खोकली.

यंत्राचा स्वभाव असा, की यादीतल्या कलमांना ते आपण होऊन आकडे देतं. मधलं एक कलम काढलं की रांगेतून माणूस निघून जावा तशी मागची सगळी एकेक पाऊल पुढे सरकतात आणि मोकळी जागा बुजते. नानांनी यंत्राला वळण लावलं. सहाच्या पुढे आणि अठराच्या पुढे त्याला हुकूम दिला, की इथे एक आकडा गाळ. यंत्राने निमूट ऐकलं. मग नाना सजावटीला लागले. आकडे ठळक केले, समासात बाहेर काढले, प्रत्येकाभोवती गोल कडं घातलं. मालक म्हणाले, हा तेवीस पलीकडच्या गल्लीतल्या आंधळ्यालाही दिसेल. नानांना ते बोलणं आठवडाभर पुरलं.

छपाईच्या आदल्या दिवशी अक्काने चिठ्ठी लिहवून पाठवली. बारावं कलम काढून टाक, आता डॉक्टर तसं करत नाहीत. शेवटी एक नवं घाल, एकसष्टावं.

नानांनी बारावं काढलं, शेवटी नवं घातलं. मग त्यांना दिसलं, की नव्या कलमाचं कडं बाकीच्यांपेक्षा किंचित खाली बसलंय. त्या कड्यापायी दुपार गेली. ते जागेवर आलं तेव्हा नानांनी खिळ्यांच्या काळापासूनच्या सवयीने पहिला आकडा पाहिला, शेवटचा आकडा पाहिला. एक. साठ. कित्येक दिवस ते एक आणि साठच पाहत आले होते. मान डोलावून त्यांनी पानं छपाईला सोडली. शिंक आली नाही.

चारशे प्रती छापून, बांधून, गावोगावच्या सुईणींना गेल्या. एक प्रत घेऊन नाना अक्काकडे गेले. दुपार कलत होती. अक्का उशांना टेकून बसली होती, उशाशी फोन. तिने पुस्तक हातात घेतलं, कव्हरावरून हात फिरवला, परत दिलं.

"मला आता अक्षर दिसत नाही. तू वाच. तेवीस वाच."

नानांनी पान काढलं. खणखणीत आवाजात सुरुवात केली, "तेवीस. आता आईला झोपू द्यावं. पांघरूण घालून दार लोटावं. कुणी..."

"ते चोवीस," अक्का म्हणाली. "तेवीस वाच."

नाना पानाकडे बघत राहिले. गोल कड्यात, समासात, ठळक तेवीस. त्याच्या वर बावीस, आणि त्यापुढे रक्त थांबत नसेल तर काय करायचं ते. त्यांनी मागे पानं उलटली. अकरा, बारा, तेरा. मध्ये गाळलेलं काहीच नव्हतं. बाराव्याच्या जागी आकडा गाळायचा हुकूम त्यांनी दिलाच नव्हता. शेवटी एकसष्ट असायला हवा होता. त्यांनी साठ पाहिला होता आणि मान डोलावली होती.

"वाच ना रे," अक्का म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. नानांनी तो उचलून, तिला ऐकू जावं म्हणून, मोठ्या आवाजावर टाकला.

"अक्का, मी नवी सुईण बोलतेय, पुलापलीकडची. तुमचं पुस्तक सकाळी मिळालं हो! आणि लगेच उपयोगी पडलं बघा. दुपारी इथल्या बाळंतीण बाईंचं रक्त जरा जास्त जात होतं. आमच्या मोठ्या बाईंना फोन केला, त्या तुमच्याच हाताखाली शिकलेल्या, म्हणाल्या, तेवीस कर. मी पुस्तक काढलं आणि केलं. पहिल्यांदाच तुम्हाला न विचारता केलं मी!"

"काय केलंस?" अक्काने विचारलं.

"झोपू दिलं. पांघरूण घातलं, दार लोटलं. शांत झोपल्यात."

"बावीस कर!" नाना ओरडले. "बाई, बावीस वाच, बावीस!"

"तेवीस!" अक्का उशीवरून उठू पाहत होती. "तेवीस सांगतेय मी!"

"अहो, कुणाचं ऐकू? केलं ना तेवीस!"

नानांना आकड्यापुढचं काही आठवेना. महिनाभर ती ओळ त्यांनी केसाकेसाने सरकवली होती, वाचली एकदाही नव्हती. पुस्तक हातातून खाली पडलं, पान मिटलं. अक्काने फोन ओढून घेतला. तिच्याकडे शब्द थोडेच होते, ते तिने एकेक करून खर्चले.

"आत जा. बेंबीखाली... तळहाताने चोळ. जोरात. बाळ... छातीशी लाव. गाडी... बोलाव."

पलीकडे फोन कशावर तरी आपटला. धावणारी पावलं. दार. मग नवी सुईण त्या बाईला हाक मारताना ऐकू आली. आधी हळू, मग मोठ्याने, मग नुसतीच हाक, थांबून थांबून.

अक्काने फोन बंद केला नाही. तो पांघरुणावर ठेवला आणि भावाकडे पाहिलं.

"किती गेल्या?"

"चारशे."

"सगळीकडे?"

नानांनी होकारार्थी मान हलवली. अक्काने तोंड भिंतीकडे केलं. नानांनी खाली वाकून पुस्तक उचललं, खिशातलं पेन काढलं आणि तेविसाच्या सुबक कड्यावर काट मारून चोवीस लिहायला घेतलं. त्यातला चार कड्याबाहेर गेला. फोनमधली हाक एव्हाना थांबली होती.