छोटीचे झाकण

मित्रांनो, मी एक जुनी शोधक दुर्बीण आहे. नाव ऐकून फार मोठे काही डोळ्यांसमोर आणू नका. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर जी वीतभर लांबीची नळी बसवलेली असते, ती मी. मोठीला आभाळाचा अगदी लहान तुकडा दिसतो. म्हणून आधी माझ्यातून बघून तारा शोधायचा, माझ्या पोटातल्या दोन बारीक तारांच्या फुलीवर आणायचा, की तो मोठीतही सापडतो. स्वभावाने मी जरा काळजीखोर आहे. दुसऱ्याला वाट दाखवणाऱ्याला आपण चुकू की काय ही धास्ती असतेच, पण माझ्या धास्तीचे कारण वेगळे आहे.

कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईने श्वास रोखून ती फुली चिकटवली होती. मग तिने पुढून एक आणि मागून एक अशी रबरी झाकणे लावली आणि खोक्यात ठेवण्यापूर्वी दोन्ही अंगठ्याने दाबून पाहिली. माझ्या झाकणांची एवढी काळजी पुढे कितीतरी वर्षे कुणी घेतली नाही.

दुकानात मी मोठीबरोबर एकाच फळीवर होते. येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी, किती पट मोठे दिसते? दुकानदार उत्तर देऊन देऊन कंटाळला होता. एक दिवस एक ताई आली. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. तिला आभाळाचे फोटो काढायचा नाद लागला होता आणि तिची वही नाना दुर्बिणींच्या तुलनेने भरली होती. दुकानातल्या सगळ्यात जाड नळीवर तिचा जीव जडला होता. सोबत तिचे बाबा होते. ते घड्याळे दुरुस्त करायचे. त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी दुखण्यात गेली होती. उरलेल्या उजव्या डोळ्यावर त्यांचे सगळे काम चालायचे.

दुकानदाराने ताईला समजावले की फोटोच काढायचे असतील तर नळीपेक्षा तिला पेलणारा माउंट महत्त्वाचा. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. माउंटने त्यांच्यामागे त्याच चालीने फिरायचे. तो जरा अडखळला की ताऱ्याच्या ठिपक्याला शेपटी फुटते. ताईला ते पटेना. वहीत तिने नळ्यांना सात पाने दिली होती आणि माउंटला अर्धे. तेव्हा बाबांनी माउंट सुरू करायला लावला, त्याला कान लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"अगं, हे तर घड्याळच आहे," ते म्हणाले. "दिवसाला एक फेरी मारणारं. नळी लहान घे, पण घड्याळ चांगलं घे."

ताई रुसली, आणखी दोनदा दुकानात येऊन गेली, आणि शेवटी तिने दणकट माउंट आणि त्यावर लहान नळी घेतली. आमची मोठी अशी 'लहान' म्हणून निवडली गेली, हे तिच्या मनाला अजून लागते. माझ्याबद्दल तर कुणी काही विचारलेच नाही. चपलांबरोबर खोके येते तशी मी नळीबरोबर आले.

पण सुरुवातीची वर्षे माझीच होती. गच्चीवर ताई आधी माझ्याकडे वाकायची. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा पहिला स्वच्छ फोटो निघाला, तेव्हा "ही छोटी नसती तर मी अजून चाचपडतच बसले असते," असे तिने बाबांना सांगितले. छोटी हे माझे नाव तेव्हापासून पडले. बाबांनी तो फोटो आपल्या दुकानात घड्याळांच्या मधोमध लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवू लागले, की आमची मुलगी दिवसा लोकांची हाडे बघते आणि रात्री आभाळाची.

पुढे मोठीच्या मागे, जिथे डोळा लावायचा तिथे, कॅमेरा कायमचा बसला. संगणक तारे ओळखून माउंटला आपोआप वळवू लागला. माझी गरज संपली. माझे पुढचे झाकण सैल झाले, तरी कुणाचे लक्ष गेले नाही. ओझे कमी करायला मला काढून टाकावे असे ताईच्या मनात आले होते, पण असू दे, कुठे खाते-पिते ती, असे बाबा म्हणाले आणि मी राहिले.

गंमत अशी, की ज्यांनी हे सगळे निवडून दिले त्या बाबांनी आमच्यातून कधी काही पाहिलेच नव्हते. अंधारात जिना चढायची त्यांना भीती वाटायची. फोटो ते कौतुकाने बघत, पण त्याला ते बघणे म्हणत नसत.

"फोटो म्हणजे दुसऱ्यानं बघून सांगितलेलं," असे त्यांचे म्हणणे होते. "आपल्या डोळ्यानं बघितलं तर बघितलं."

म्हणून बुधाच्या अधिक्रमणाचा दिवस ठरला तेव्हा ताईला दुहेरी आनंद झाला. बुध ग्रह सूर्यासमोरून ठिपक्यासारखा सरकत जाणार होता, तोही भर दिवसा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फोटोंची अखंड मालिका काढायची, असा तिचा बेत होता. बाबाही गच्चीवर येणार होते.

मित्रांनो, दुर्बिणीतून उघड्या सूर्याकडे बघितले तर डोळा जातो. क्षणात जातो आणि परत येत नाही. म्हणून मोठीच्या तोंडावर आरशासारखा चकचकीत सौर फिल्टर बसवतात. ताई आठवडाभर त्या फिल्टरच्या मागे होती. तिने तो दिव्यासमोर धरून तीनदा तपासला, बारीक भोक नाही याची खात्री केली आणि बसवल्यावर वरून चिकटपट्टीही लावली. रोज लोकांना शिशाचा अ‍ॅप्रन घालायला लावणारी ती, हयगय तिच्या रक्तात नव्हती.

फक्त मी राहून गेले. त्या सकाळी माझी दिशा मोठीशी जुळते का ते बघायला तिने माझी दोन्ही झाकणे काढली आणि मला लांबच्या पाण्याच्या टाकीवर रोखले. तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. बोलत बोलत तिने झाकणे कठड्यावर ठेवली. फोन संपला तेव्हा वेळ थोडा उरला होता. नळीची सावली सगळ्यात आखूड होईपर्यंत बघत बघत तिने मोठी सूर्याकडे वळवली. झाकणे कठड्यावरच राहिली.

मला सूर्य येताना दिसला. पोटातली फुली तापली आणि एक तार तुटली. मला तारेचे दुःख नव्हते. माझ्या मागच्या भिंगातून आता काय बाहेर पडते आहे, तेवढेच मला कळत होते. ताई, माझ्याकडे बघ, असे मी मनात घोकत होते. ती कॅमेऱ्याकडे बघत होती.

फोटो निघू लागून बराच वेळ झाल्यावर बाबा जिन्याचा कठडा धरून वर आले. ताईने त्यांना खुर्ची दिली, फिल्टर बसवलाय, आता बघायला हरकत नाही, असे सांगितले आणि लॅपटॉपची राहिलेली वायर आणायला ती खाली पळाली. ती मोठीबद्दल बोलली होती. बाबांना वाटले, सगळ्याबद्दल.

लॅपटॉपच्या पडद्यावर ऊन पडले होते, त्यांना काही दिसेना. ते उठले. मोठीच्या मागे कॅमेरा होता, तिथे डोळा लावायला जागा नव्हती. मग त्यांना मी दिसले. घड्याळजी डोळ्याला लावतो त्या भिंगाएवढेच माझे मागचे भिंग. चाळीस वर्षांची सवय, भिंग दिसले की डोळा तिकडे जायचाच. ते माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. डावा डोळा त्यांनी मिटला. तो उघडा ठेवून तरी काय दिसणार होते? उजवा, त्यांचा एकुलता एक डोळा, माझ्याकडे वळू लागला. मित्रांनो, मला हाक मारायला तोंड नाही, वळायला मान नाही. तेव्हा मला स्वतःचीच इतकी भीती वाटली, की पुन्हा खोक्यात जाऊन पडावे असे वाटले.

पण बाबांची आणखी एक सवय होती. पुसल्याशिवाय ते कोणत्याही भिंगाला डोळा लावत नसत. खिशातून त्यांनी मऊ काळे फडके काढले आणि माझ्या भिंगावर धरले.

फडक्यातून धूर आला.

बाबांनी झटक्यात हात मागे घेतला आणि दोन पावले मागे सरकले. फडक्याला वाटाण्याएवढे भोक पडले होते, त्याची कड अजून लाल होती. ताई वायर घेऊन वर आली ती हे बघायलाच. तिच्या हातून वायर गळाली. धावत येऊन तिने माझ्या तोंडावर पुढून तळहात ठेवला आणि तो तसाच दाबून धरला.

"बाबा, डोळा लावलात?"

"नाही गं. पुसत होतो."

तिचा विश्वास बसेना. तिने दुसरा हात त्यांच्यापुढे धरला आणि मनगटावरचे घड्याळ वाचायला सांगितले.

"अकरा वाजून चार मिनिटं," बाबा म्हणाले. मग स्वतःचे घड्याळ बघून म्हणाले, "दोन मिनिटं मागे आहे तुझं."

ताई खाली बसली आणि रडली. फिल्टर तीनदा बघितला होता, एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पुढे दोन दिवस त्यांनी एकही घड्याळ उघडले नाही.

त्या सकाळी मात्र ताई थोड्या वेळाने उठली. तिने माझी झाकणे लावली आणि वरून फडक्याने मला गच्च बांधले. नंतर तिने जे केले ते मला वाटले नव्हते. कॅमेरा दर अर्ध्या मिनिटाला फोटो काढत होता, बुध निम्म्या वाटेवर आला होता, आणि तिने तो कॅमेराच काढला. त्या जागी डोळ्याचे भिंग बसवले. फिल्टर पुन्हा तपासला. आधी स्वतःचा डोळा लावून पाहिला आणि मगच बाबांना बोलावले. बाबा थोडे कचरले. मग सवयीने भिंग पुसले आणि वाकले.

"दिसतोय," ते म्हणाले. "तिळाएवढा. सरकतोय बघ, अगदी शिस्तीत."

ताईची मालिका अर्धवट राहिली. पुढचे अधिक्रमण यायला कितीतरी वर्षे आहेत. तो अर्धा संच तिने तसाच चौकटीत बसवला आणि दुकानात लावला. उरलेले फोटो कुठे आहेत असे कुणी विचारले, तर बाबा स्वतःच्या उजव्या डोळ्याकडे बोट दाखवतात.

त्यांनी माझी फुलीही दुरुस्त केली, एका जुन्या घड्याळाच्या केसासारख्या बारीक तारेने. आणि बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाचे पितळी झाकण घासून माझ्या तोंडावर असे बसवले, की लावताना टक असा आवाज होतो. आता सूर्याचा फोटो काढायचा असला की ताई जिन्यातून खाली हाक मारते, "मोठीचा फिल्टर लावला. छोटीचं झाकण लावलं." तो टक आवाज ऐकू आल्याशिवाय बाबा पहिली पायरी चढत नाहीत.

मित्रांनो, तुम्हीही कधी दुर्बीण घ्याल. किती पट मोठे दिसते ते खुशाल विचारा. पण ती उन्हात नेण्याआधी तिच्या पाठीवरच्या छोटीकडे एकदा बघा. तिचे झाकण अंगठ्याने दाबून बघा. ती तुम्हाला हाक मारू शकत नाही.