खाच बुजवू नका

मित्रांनो, मला शोपीस म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. मी चेरीच्या लाकडाचा ठसा आहे, जपानी पद्धतीच्या छपाईचा. बर्फातल्या फांदीवर बसलेला लालभडक कार्डिनल पक्षी माझ्यावर कोरला आहे.

मला घडवलं अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या भानुदासकाकांनी. ते इंजिनिअर, ही कला शिकागोतल्या एका जपानी बाईंकडे शिकले. जुन्या जपानात चित्र काढणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा. नाव बहुधा पहिल्याचंच होई. "राबणाऱ्या हातांचं नाव गाळायचं, ही रीत तिकडेही आहे म्हणायची," असं म्हणत काका तिन्ही कामं स्वतः करत.

काळ्या रेषा माझ्या, लाल रंग माझ्या भावाचा, म्हणजे दुसऱ्या ठशाचा. बर्फाला मात्र ठसा नाही. बर्फ म्हणजे न छापलेला कागद. आम्हा दोघांच्या कोपऱ्यात काकांनी एकेक खाच पाडली. तिच्यात कागदाचा कोपरा नीट टेकवला, तरच रंग रेषेत बसतो.

शहाण्णवच्या हिवाळ्यात काका गेले. त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी त्यांच्या मुलाने, विवेकने, मला गराजमधून आणलं.

"आई, हे फोटोशेजारी ठेवू. कोपरा तुटलाय, तिथे वुड फिलर भरतो. वर व्हार्निश. एकदम क्लासी."

"मी एकदा पोळपाट समजून घासला होता रे," कमलाकाकू म्हणाल्या. "केवढे चिडले होते!"

"विवेक, हात लावू नकोस," त्यांची मुलगी उपासना म्हणाली. "तुटलेला नाही तो. खाच आहे. ती भरलीस तर हा पक्षी पुन्हा छापताच येणार नाही."

"छापणार कोण पण, ताई?"

"मी."

तिने गराजमधून माझ्या भावालाही आणलं. आयुष्यात तिने कधी छापलं नव्हतं. पहिल्या कागदावर लाल रंग फांदीवर गेला. दुसऱ्यावर पक्ष्याला दोन चोची आल्या.

"ताई, हे कुठलं ब्रीड?" विवेक म्हणाला.

ती हसली नाही, थांबलीही नाही. तिने नवा कागद आधी माझ्या, मग भावाच्या खाचेत टेकवला, दोन्ही वेळा वरून बांबूच्या पानाने मढवलेली चकती जोर लावून फिरवली आणि कागद उचलला. पक्षी जागेवर होता.

विवेक तो कागद उजेडाकडे धरून बघू लागला. मग हळूच म्हणाला, "अजून एक काढ ना."

मित्रांनो, चकचकीत करून मांडून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. मला रंग लावा, घासा, झिजवा. झिजायला मी तयार आहे. व्हार्निशखाली गप्प बसायला नाही.