टाचेला चावलेला उजवा बूट

मी उजवा बूट बोलतोय. डाव्याला मध्ये ओढू नका, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. चावलो तो मी. आणि कोणाला, तर जिनं मला मानोऱ्याच्या बाजारातून छातीशी धरून घरी आणलं, तिलाच.

तिचं नाव निता. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची, वीस वर्षांची. दरवर्षी दिवाळी झाली की ती याडीबरोबर, म्हणजे तिच्या आईबरोबर, ऊसतोडीला जायची. यंदा तिला चिखलदऱ्याच्या एका निवासी शिबिरात जागा मिळाली. एकवीस दिवस तंबूत राहायचं, डोंगर चढायचे, दोराच्या गाठी शिकायच्या. शिबिर पुरं केलं तर तिथंच शिकवण्याचं काम मिळणार होतं. म्हणजे हातातला कोयता कायमचा सुटणार होता!

शिबिराचा कागद आला तशी घरात लगबग सुरू झाली. डॉक्टरचा दाखला, बापाची सही, बॅटरी, लोकरी मोजे, ताट-पेला. निता एकेक वस्तू जमवायची आणि कागदावर खूण करायची. त्या कागदाची पहिलीच ओळ होती, नवे बूट पंधरा दिवस आधीपासून रोज वापरावेत.

"याडी, उद्यापासून हे घालूनच वावरात येईन मी."

"येडी झाली काय वं?" याडी, म्हणजे बेबीबाई, म्हणाली. "कोरे बूट चिखलात घालतं का कोनी? तिथं शयराची पोरं येतीन. म्हनतीन, तांड्याची पोरगी जुने खेटरं घालून आली."

झालं! आमची रवानगी पेटीत, डांबरगोळ्यांच्या शेजारी. चांगली वस्तू कामात घालायची नाही, बाहेरगावी जाताना काढायची, ही त्या घराची रीत. आणि खरं सांगू? मला बरंच वाटलं. चकचकीत राहायला कोणाला नको असतं? पंधरा दिवस मी ऐटीत पडून राहिलो, कडक आणि खडूस. त्याची लाज अजून जात नाही.

निघायच्या सकाळी आम्ही पायात चढलो. कारंजा, अमरावती, परतवाडा अशा एसटी बदलत चिखलदरा आलं, तोवर मी टाच लाल केली होती. तिसऱ्या दिवशी फोड आला, पाचव्या दिवशी फुटला. निता बाई पक्की! हळद दाबायची, वर फडकं बांधायची आणि हसत रांगेत उभी राहायची. मला वाटायचं, ओरड गं, शिव्या घाल मला. ती नुसती नाडी आवळायची.

नवव्या दिवशी टाच सुजली. शिबिराचे रविकांत सर मला हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले.

"बूट घेतले कधी?"

"महिना झाला, सर."

"आणि घातले कधी?"

निता खाली बघत म्हणाली, "निघाले त्या दिवशी."

सरांनी कपाळावर हात मारला. "पाय बरा कर. दिवाळीनंतरच्या तुकडीत तुझी जागा ठेवतो. पण त्या वेळी असं झालं तर मग मी काही करू शकणार नाही."

घरी आल्यावर निता म्हणाली, "याडी, पाय मुरगयला." आईच्या जिवाला लागू नये म्हणून खोटं बोलली पोरगी. पण बेबीबाई आम्हाला पुसायला बसली, तिचा हात आत गेला आणि टाचेपाशी वाळलेल्या रक्ताला लागला. तिनं बोटं उजेडात धरली. "अवो माय! हे तं माह्या हातचं पाप व्हय."

दुसऱ्या दिवशी पहाटे, निता झोपेत असतानाच, बेबीबाईनं दोन जोड मोजे चढवले, लुगडं खोचलं आणि आम्हाला घालून कपाशीत निघाली. वाटेत शेजारचा धनसिंग हसायला लागला. "काय बेबीबाई, पोलिसात भरती झाली काय?"

"बुटाले वयन लावून राह्यली," ती म्हणाली. "तू आपलं काम कर."

दुपारपर्यंत मी तिलाही चावलो. काय करू, सवयच तशी! ती बांधावर बसली, मला काढून समोर धरलं आणि बोलली, "चाव मले. जेवढं चावाचं तेवढं मलेच चाव. पोरीले हात लावू नोको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवाळी झाली, बेबीबाईचा नवरा तोडणीच्या टोळीबरोबर उसाला गेला. ही मागून येते म्हणाली आणि पोरीच्या नकळत रोज आम्हाला चालवत राहिली. तीन आठवड्यांनी माझं चामडं पाघळलं.

पुन्हा शिबिराला निघताना मानोऱ्याच्या स्टँडवर नितानं आमच्यात पाय घातला आणि चमकली. "आं! हे तं मऊ झाले. कसे काय?"

बेबीबाईनं आपला पाय झटकन लुगड्याखाली ओढला. तरी टाचेला बांधलेलं फडकं दिसलंच. निताचे डोळे भरून आले. बेबीबाई वाकली, उसाच्या मोळीला मारतात तशी गाठ माझ्या नाडीला मारली आणि मला दम दिला, "आता चावशीन तं चुलीत घालीन."

आज शिबिराचा एकविसावा दिवस. आम्ही शेवटचा डोंगर उतरून आलो. रविकांत सरांनी निताच्या पाठीवर थाप मारली, जानेवारीपासून ये म्हणाले. तिनं मोजा काढला, टाच अगदी कोरडी होती.

लोकहो, नव्या बुटाला पेटीत ठेवू नका, तो तिथं मऊ होत नसतो. बाकी काय सांगू? बेबीबाई आता टोळीत आहे, उसाच्या फडात, मी फोडलेल्या टाचेनिशी. ती टाच बरी झाली का, हे मला इथं कोणी सांगत नाही.