पहिल्या दिवशी लॉगिन

फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या कॉम्प्युटर खात्यात ग्लोरिफे तुमुलाक अकरा वर्षं फोन घेत होती. कुणाचा पासवर्ड अडला, कुणाचा प्रिंटर रुसला, की ती तक्रार नोंदवून पुढे ढकलायची. पुढे तिचं काय होतं, हे बघणं तिच्या कामात बसत नव्हतं.

मार्चमधला एक फोन मात्र तिला ढकलता आला नाही. नवी नर्स रुजू झाली की लॉगिन मिळायला नऊ-दहा दिवस लागत, आणि तोवर ती दुसरीच्या नावाने काम करी. सगळ्यांना ते ठाऊक होतं. अशाच एका नवखीने औषधाचा डोस चुकीचा नोंदवला. वेळीच लक्षात आलं म्हणून रोगी बचावला; पण नोंद होती लॉगिन उसनं देणाऱ्या अर्सेनियाच्या नावावर. इतक्या वर्षांची जुनी नर्स, तिला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. फोनवर ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "त्या पोरीचा अर्ज नऊ दिवस कुठे पडला होता, तेवढं सांगशील का, बाई?"

ग्लोरिफेने शोधून काढलं. अर्ज पाच जणांकडे एकापाठोपाठ एक थांबला होता, आणि त्यातले सहा दिवस तो फक्त मुख्य परिचारिकेच्या मंजुरीची वाट बघत होता.

खात्याच्या साहेबांनी, म्हणजे दिंदोसरांनी, मनिलाच्या तंत्रज्ञांकडून नवा वर्कफ्लो, म्हणजे अर्ज आपोआप पुढे नेणारी व्यवस्था, करून घ्यायला सहा महिने लागतील, असं सांगितलं. मग मीच शिकते, असं ती म्हणाली तेव्हा त्यांना हसू आलं.

"ग्लोरिफे, हे काय पान्सित शिजवायचं आहे?"

"पान्सितसुद्धा पहिल्यांदा करपलंच होतं, सर. आता तुम्ही दोनदा वाढून घेता."

त्यांनी तिला सरावासाठी प्रणालीची वेगळी प्रत उघडून दिली. अर्ज आला की कुणाकडे जायचा, कुणी हो म्हटलं तर काय, नाही म्हटलं तर काय, हे सगळं पडद्यावर चौकटी जोडून यंत्राला समजावायचं होतं. पहिले पंधरा दिवस तिला ओ की ठो कळलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डाव्या हाताने पुसोचा, नारळाच्या पात्यांत शिजवलेला, भात खात ती उजव्या हाताने चौकटी ओढायची. शनिवारी खात्यात शुकशुकाट असे, तेव्हाही येऊन बसायची. जे कळे ते ती बिसायात, आपल्या घरच्या बोलीत, वहीत लिहून ठेवी.

मे महिन्यात तिचा पहिला वर्कफ्लो चालला, तो थांबेचना. अर्जात बदल झाला की कामाला लाग, असं तिने त्याला सांगितलं होतं. आणि कामाला लागला की तो स्वतःच अर्जात बदल करत होता. सरावाच्या प्रतीतून खरे ईमेल बाहेर जात नसत, पण कुणीतरी कसल्याशा चाचणीसाठी ती वाट मोकळी ठेवली होती. अर्ध्या तासात मुख्य परिचारिका तेओफिस्ता काबारुबियास यांना मंजुरी मागणारे चारशे बारा ईमेल गेले. दिंदोसरांनी तिचा प्रणालीतला प्रवेश बंद केला. ते रागावले नाहीत, हेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तोर्ता केकचा डबा घेऊन तेओफिस्ताबाईंची माफी मागायला गेली. बाई वॉर्डात फेरीवर होत्या. ग्लोरिफे त्यांच्या मागोमाग तीन मजले चालली. दीड तासात बाई एकदाही कॉम्प्युटरसमोर बसल्या नाहीत.

"चारशे ईमेल आले म्हणे," बाई अखेर म्हणाल्या. "मला काल संध्याकाळी कळलं. मी ईमेल आठवड्यातून एकदा बघते, पोरी."

ग्लोरिफे जिन्यातच थांबली. अर्जाचे ते सहा दिवस कसे गेले, ते तिला आता कळलं. तिने बाईंना अर्सेनियाबद्दल सांगितलं. बाई म्हणाल्या, "माझ्यापाशी थांबायलाच नको होता तो अर्ज. माझी सही कशाला हवी? भरतीच्या वेळी मी सही केलेलीच असते."

त्याच दिवशी बाईंनी दिंदोसरांना फोन केला. ग्लोरिफेला प्रवेश परत मिळाला. तिने आधी ईमेलची बाहेरची वाट बंद आहे ना ते बघितलं, आणि मग सगळं नव्याने मांडलं. बाईंची मंजुरी काढली. उरलेल्या चौघांकडे अर्ज एकाच वेळी जाईल असं केलं; कुणी चार तास गप्प बसलं तर तो त्याच्या हाताखालच्या माणसाकडे जाणार होता. यंत्र स्वतःलाच जागं करणार नाही, अशी अट घातली. अकरा वेळा मोडलं, अकरा वेळा जोडलं, तेव्हा कुठे दिंदोसरांनी तो वर्कफ्लो खऱ्या प्रणालीत चालू केला. जुन्या अर्जांच्या सगळ्या तारखा तिने चौकशी समितीपुढे ठेवल्या. जुलैत अर्सेनिया कामावर परतली; तिच्या नोंदवहीतला शेरा मात्र पुसला गेला नाही.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी बावीस नर्स रुजू झाल्या. सकाळी साडेआठपर्यंत एकवीस जणींना लॉगिन मिळालं होतं. दिंदोसर तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले, मनिलावाले विचारताहेत, हे कुणी केलं?

"सांगा, फोनवाल्या बाईने," ती म्हणाली. तिची नजर पडद्यावर होती. बाविसावी मुलगी पेन्याफ्लोर आडनावाची. त्या आडनावातल्या एन अक्षरावर नागमोडी रेघ होती, आणि ती रेघ यंत्राला वाचता आली नव्हती. ग्लोरिफेने मुलीला खुर्ची दिली, दुसऱ्या कुणाचं लॉगिन घेऊ नकोस म्हणून बजावलं, आणि वर्कफ्लोमधली नाव वाचणारी चौकट दुरुस्तीसाठी उघडली.